पंचवीस सप्टेंबरचा पाऊस सव्वीस तारखेला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर रोज येणारी तारखेची चौकट मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो. त्या तारखेला मागील वर्षांत पुण्यात किती पाऊस झाला, पारा कोठवर गेला, आज सूर्य किती वाजता उगवणार आणि किती वाजता मावळणार, एवढेच तिच्यात असते, आणि पहिल्या पानावरची धुळवड वाचून झाल्यावर तेवढेच बरे वाटते. २५ सप्टेंबरच्या चौकटीतील एका आकड्याने मात्र माझा चहा निवला. मी सत्तावीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातील बरीच वर्षे शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाची वही सांभाळली; त्यामुळे पत्र थोडे लांबल्यास ती शिक्षकी खोड समजून सांभाळून घ्यावे.

तो आकडा २५ सप्टेंबर २०१९ या तारखेसमोरचा. दक्षिण पुण्यात राहणाऱ्यांना ही तारीख कॅलेंडर पाहून आठवावी लागत नाही. त्या बुधवारी रात्री कात्रजच्या डोंगरावर आणि आमच्या डोक्यावर काही तासांत एवढा पाऊस कोसळला की आंबील ओढा पात्र सोडून घराघरांत शिरला, अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली, आणि शहर व जिल्हा मिळून बळींची संख्या वीसच्या वर गेली. आमची इमारत चढावर असल्यामुळे आम्ही वाचलो. वीज गेली होती, आणि अंधारात ओढ्याच्या बाजूने गाड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता. सकाळी खाली उतरलो तेव्हा दुचाक्या एकीवर एक रचल्यासारख्या पडलेल्या होत्या आणि भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती. हे सारे २५ तारखेच्या रात्री घडले. परंतु आपल्या चौकटीत त्या तारखेपुढे छापलेला आकडा त्या रात्रीचा नाही. त्या रात्रीचा पाऊस २६ सप्टेंबरच्या रकान्यात आहे.

याचे कारण अगदी साधे आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठ वाजता बदलतो. जगभरातील वेधशाळा ठरलेल्या जागतिक वेळांना एकाच क्षणी निरीक्षणे घेतात; त्यांपैकी ग्रीनिचच्या पहाटे तीनची वेळ आपल्याकडे साडेआठला येते. त्या वेळी पर्जन्यमापकातील पाणी मोजतात, भांडे रिकामे करून पुन्हा बसवतात, आणि मागील चोवीस तासांचा पाऊस म्हणून तो आकडा ज्या दिवशी मोजला त्याच दिवसाच्या नावावर लिहितात. म्हणजे '२५ सप्टेंबर' या नोंदीत २४ च्या सकाळी साडेआठपासून २५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस असतो. हवामान खाते ही गोष्ट लपवीत नाही. त्यांच्या तक्त्यात 'सकाळी ८.३० पर्यंतच्या चोवीस तासांत' असे स्पष्ट लिहिलेले असते. ते शब्द वर्तमानपत्राच्या चौकटीत मावत नाहीत म्हणून गळतात, आणि लोकांच्या आठवणीतील तारीख व कागदावरील तारीख यांची फारकत होते.

पाच वर्षांनी, २५ सप्टेंबर २०२४ रोजी, पुन्हा तेच झाले. योगायोग असा की तोही बुधवारच होता. दुपारनंतर शहरावर आभाळ फाटले, रस्त्यांचे ओढे झाले, शिवाजीनगरच्या वेधशाळेत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला गेला आणि दुसऱ्या दिवशीचा पंतप्रधानांचा पुण्यातील कार्यक्रम रद्द करावा लागला. हा पाऊसही नोंदवहीत २६ तारखेला जाऊन बसला आहे. आपल्या चौकटीने २५ सप्टेंबरचा इतिहास सांगताना या शहराला त्या तारखेने दिलेल्या दोन्ही मोठ्या पावसांना वगळले, आणि दुसऱ्या दिवशी २६ च्या चौकटीत ते दोन्ही छापले, तेव्हा वाचणाऱ्याला वाटले असणार की आपलीच स्मरणशक्ती दगा देते आहे. मुंबईकरांचीही हीच अडचण आहे. २६ जुलै २००५ म्हटले की अंगावर काटा येतो. पण सांताक्रूझचा तो ९४४.२ मिलिमीटरचा आकडा २७ जुलैच्या सकाळी मोजलेला आहे आणि उच्चांकांच्या यादीत त्याच तारखेने शोधावा लागतो.

ही बारीक कुरकुर वाटेल, म्हणून पर्जन्यमापक कसा वाचतात ते सांगतो. जमिनीत पक्के रोवलेले नळकांडे, त्यावर नरसाळे, त्याची कड जमिनीपासून सुमारे फूटभर उंच, आत पाणी साठण्याचे भांडे. ते पाणी काचेच्या मापात ओतायचे, माप सपाट जागी ठेवून डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे, आणि कडांना वर चढलेल्या पाण्याकडे न बघता मधल्या खोलगट भागाचा तळ वाचायचा. आठवीतली मुले माप उंच धरून खालून बघत आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येई. एका वर्षी पाळीच्या मुलाने रविवारी दांडी मारली आणि सोमवारी दोन दिवसांचे साठलेले पाणी एकाच दिवसाच्या नावावर लिहून टाकले. महिन्याची बेरीज बरोबर आली, पण तो सोमवार आमच्या वहीत आजही अतिवृष्टीचा दिवस म्हणून मिरवतो आहे. जुन्या, हाताने लिहिलेल्या नोंदींत असे साठवणीचे आकडे सर्वत्र सापडतात, आणि 'या तारखेचा विक्रम' शोधणारा नेमका त्यांच्यावरच अडखळतो.

शहरातला वाचक याकडे गंमत म्हणून पाहू शकतो, शेतकऱ्याला ती चैन परवडत नाही. राज्यात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावर अवलंबून असतो. समजा पहाटे पाचपासून दुपारी बारापर्यंत सलग ८० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मा साडेआठच्या आधी व निम्मा नंतर पडला, तर सोयाबीनच्या दृष्टीने ती एकच अतिवृष्टी असते. पण कागदावर चाळीस-चाळीसचे दोन साधे दिवस लागतात. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा हा काढणीला आलेल्या पिकाचा असतो. उत्तरा संपत आलेल्या असतात, हस्ताची चाहूल असते, आणि हत्ती सोंडेने कोणावर किती ओतणार हे हादग्याच्या पाटावरच्या हत्तीलाच ठाऊक. अशा दिवसांत तारखेची मोजणी कोठून कोठवर, हे माहीत असणे तालुक्याच्या कचेरीत वाद घालताना उपयोगी पडते.

तापमानाचे गणित पुन्हा निराळे आहे. किमान तापमान पहाटेच्या सुमाराचे असते आणि सकाळी वाचले जाते, त्यामुळे ते त्याच तारखेचे ठरते. कमाल तापमान दुपारचे असते आणि संध्याकाळी वाचले जाते, म्हणून तेही त्याच तारखेचे. आपल्या चौकटीत म्हणूनच एकाच ओळीत २५ तारखेचे तापमान आणि बहुतांशी २४ तारखेचा पाऊस शेजारी शेजारी बसले होते. '२५ सप्टेंबर २०१९' ही ओळ वाचून कोणी दुपारच्या उन्हाचा आणि पावसाचा संबंध जोडू लागला, तर तो दोन वेगळ्या दिवसांची सोयरीक जुळवीत आहे हे त्याला कळणारही नाही.

पुढचा प्रश्न ठिकाणाचा. आपण नुसते 'पुणे' लिहिता. शिवाजीनगर, म्हणजे आपण पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतो तेथील वेधशाळा, हे पुण्याचे प्रमुख केंद्र आहे. पण लोहगाव आहे, पाषाण आहे, आणि आता ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रेही आहेत. परतीच्या पावसाचे ढग उंच असतात, पसरलेले नसतात. एका पेठेत छत्री उलटी होते तेव्हा दुसऱ्या पेठेत धूळ उडत असते. २०१९ च्या त्या रात्री पावसाचा जोर दक्षिणेकडे होता, त्यामुळे शिवाजीनगरचा आकडा कात्रजची कहाणी सांगू शकतच नाही. वर उल्लेखलेल्या २००५ च्या दिवशी सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला फक्त ७३.४ मिलिमीटर पडला होता, आणि दोन्ही ठिकाणांचे नाव मुंबईच. त्या दिवसाच्या चौकटीत 'मुंबई' एवढेच छापून यांपैकी कोणताही आकडा दिला असता, तर तो खरा असूनही वाचकाच्या हाती खोटेच पडले असते.

चौकटीत '२५ सप्टेंबरचा सरासरी पाऊस' असाही एक आकडा असतो. एका तारखेच्या पावसाची सरासरी ही फसवी वस्तू आहे. तीस वर्षांत एकोणतीस वेळा ती तारीख कोरडी गेली आणि एकदा ९० मिलिमीटर पाऊस झाला, तर सरासरी ३ मिलिमीटर येते; आणि नेमका ३ मिलिमीटर पाऊस त्या तारखेला एकदाही पडलेला नसतो. खाते स्वतः अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणते. तेव्हा सरासरीऐवजी 'गेल्या तीस वर्षांत इतक्या वेळा या तारखेला पाऊस झाला' असे छापले, तर ज्याला त्या दिवशी मांडव घालायचा आहे त्याला काहीतरी कळेल. विक्रमांबद्दलही एक वाक्य. शंभर वर्षांच्या नोंदी असलेल्या केंद्रात, हवामान मुळीच बदलत नसते तरीही, ३६५ पैकी तीन-चार तारखांचे उच्चांक दरवर्षी केवळ योगायोगाने मोडले असते. म्हणून 'अमुक तारखेचा विक्रम मोडला' या बातमीत नोंदी किती वर्षांच्या आहेत ते नसेल, तर ती बातमी अर्धवट असते. उष्णतेचे उच्चांक मोडण्याचे प्रमाण थंडीच्या नीचांकांच्या मानाने किती आहे, हे पाहिले तर खरा बदल दिसतो, आणि ते एका तारखेवरून दिसत नाही.

आता दिनमान. चौकटीच्या तळाशी लिहिले होते की नुकतेच दिवस व रात्र समान झाले. हे वाक्य मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहिले आहे, त्यामुळे दोष आपल्या एकट्याचा नाही. २२ किंवा २३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर येतो हे खरे, परंतु त्या दिवशी पुण्यात दिवस बारा तासांचा नसून बारा तास सात मिनिटांचा असतो. सूर्य हा बिंदू नाही, तबकडी आहे. आपण सूर्योदय मोजतो तो तबकडीची वरची कड दिसल्यापासून, आणि सूर्यास्त मोजतो तो शेवटची कड बुडेपर्यंत. त्यात वातावरण प्रकाश वाकवते, त्यामुळे क्षितिजाखाली असलेला सूर्यही आपल्याला दिसतो. तबकडीच्या कडांमुळे दोन मिनिटे आणि प्रकाश वाकल्यामुळे जवळपास पाच मिनिटे, असा हा दिवसाला मिळालेला वाढावा आहे. सप्टेंबरअखेर पुण्यात दिवस रोज जेमतेम एक मिनिटाने लहान होतो. २५ सप्टेंबरलाही तो रात्रीपेक्षा मोठाच असतो, सुमारे बारा तास चार-पाच मिनिटांचा, आणि खरी बरोबरी २९ सप्टेंबरच्या आसपास होते. गंमत अशी की आपल्याच चौकटीत सूर्योदय ६.२४ आणि सूर्यास्त ६.२९ असा छापला होता. त्या दोन वेळांची वजाबाकी कोणी केली असती, तर खालचे वाक्य वरच्या ओळीनेच खोटे पाडले असते.

या वेळा माझ्या परिचयाच्या आहेत, कारण निवृत्तीनंतर काही काळ मी गच्चीवरून सूर्यास्ताच्या वेळा टिपत असे. आमच्या पश्चिमेला तळजाईची टेकडी आहे, त्यामुळे छापील वेळेच्या बराच आधी सूर्य आमच्यापुरता बुडतो. पण उजेड काही लगेच जात नाही, सूर्यास्तानंतर सुमारे बावीस मिनिटे दिव्याशिवाय वाचण्याजोगा संधिप्रकाश असतो. त्या वहीने मला एक गोष्ट शिकवली जी पुस्तकात असूनही कधी मनावर ठसली नव्हती. २५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर या महिन्यात पुण्याचा दिवस अर्ध्या तासाने लहान होतो, पण ही काटछाट दोन्ही टोकांना सारखी होत नाही. सूर्योदय ६.२४ वरून ६.३१ च्या आसपास सरकतो, म्हणजे सात मिनिटे. सूर्यास्त मात्र ६.२९ वरून ६.०६ वर येतो, म्हणजे तेवीस मिनिटे. घड्याळ सर्व दिवस सारखे मानते आणि सूर्य तसा चालत नाही, हे त्यामागचे कारण. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना महिनाभर काहीच बदललेले वाटत नाही, आणि संध्याकाळी मैदानावर खेळणाऱ्या मुलांना मात्र चेंडू अचानक दिसेनासा होतो. 'दिवाळी आली, लवकर अंधारू लागले' असे घरोघर म्हणतात ते या तेवीस मिनिटांमुळे.

सूर्योदयाची एकच वेळ सर्व आवृत्त्यांत छापली जाते, हीही तक्रार करून ठेवतो. माझी मुलगी नागपूरला असते, आणि आपल्या दैनिकाची तिकडची आवृत्ती तिच्याकडे येते. तीत वेळा पुण्याच्याच असतात. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सुमारे सव्वासहा अंशांचे अंतर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. २५ सप्टेंबरला मुंबईत सूर्य ६.२८ ला उगवतो, पुण्यात ६.२४ ला, तर नागपुरात ६.०३ ला. नवरात्राच्या पहाटे या वेळा पाहून घटापुढे बसणारी माणसे आहेत. नागपूरकरांना एकवीस मिनिटे उशिराचा सूर्य देण्याचे काही कारण नाही.

जुन्या वेळा उद्धृत करताना आणखी एक खड्डा आहे, त्याचाही उल्लेख करतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणून एखाद्या जुन्या मुंबईकराच्या रोजनिशीत २५ सप्टेंबरचा सूर्योदय पावणेसहाच्या पुढेमागे लिहिलेला आढळला, तर सूर्य बदलला असे समजू नये, ५.४९ मध्ये ३९ मिनिटे मिळवली की आजचे ६.२८ येतात. जुन्या नोंदींत पाऊसही इंचात आणि पारा फॅरनहाइटमध्ये असतो, पण ती रूपांतरे तरी सर्वांना माहीत आहेत. घड्याळाचे रूपांतर करायचे असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून निरीक्षणे होत आली आहेत. एवढा जुना वारसा हाताशी असताना तो वाचायची रीत तेवढी ठाऊक हवी.

माझी विनंती मोठी नाही आणि तिला जागाही फारशी लागणार नाही. पावसाच्या आकड्याखाली 'शिवाजीनगर, दि. २४ सकाळी ८.३० ते दि. २५ सकाळी ८.३०' एवढे बारीक टाइपात छापावे. 'विक्रम' या शब्दापुढे कंसात नोंदींची वर्षे द्यावीत. सूर्योदय-सूर्यास्त ज्या आवृत्तीत छापायचे त्या गावाचे द्यावेत. आणि पुढील वर्षी 'दिवस-रात्र समान' हे वाक्य २९ सप्टेंबरच्या अंकासाठी राखून ठेवावे. त्या दिवशी पुण्याच्या दोन्ही वेळा शेजारी छापल्या तर वाचकालाच बरोबरी दिसेल.

२५ सप्टेंबरपुरते बोलायचे तर २०१९ आणि २०२४ या दोन वर्षांपुढे एक तारांकित टीप हवी, की या दोन दिवसांचा पाऊस पुढील तारखेखाली पाहावा. आमच्या भागात त्या चिखलाच्या रेघा काही भिंतींवर पुढे दोन पावसाळे टिकल्या होत्या. त्या पुसल्या गेल्यानंतर ती तारीख लिहिलेली उरते ती अशा चौकटीतच.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
सहकारनगर, पुणे